नवा संगणक, जुने सॉफ्टवेअर : चालू ठेवण्याचे मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित सपोर्ट थांबवला. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि कंपनीच्या मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर आवश्यक आहे. त्यामुळे सुस्थितीत असलेले अनेक जुने संगणक नव्या आवृत्तीसाठी अपात्र ठरले असून कार्यालये, छापखाने, दुकाने आणि शिक्षणसंस्थांना यंत्रे बदलावी लागत आहेत. यंत्र बदलताना खरी अडचण त्याच्या किमतीची नसते. ज्या जुन्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षांचे काम उभे आहे, ते नव्या संगणकावर चालेल का, हा प्रश्न अधिक बिकट असतो.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. गेल्या शतकाचे शेवटचे दशक आणि चालू शतकाची पहिली काही वर्षे या काळात पुस्तके, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांचे वार्षिक अंक ज्या साधनांवर जुळवले गेले, त्यांतील बरीच साधने आजच्या संगणकावर सरळ चालत नाहीत. काही ठिकाणी कोपऱ्यात ठेवलेला ‘विंडोज एक्सपी’चा एक संगणक केवळ या जुन्या फाइली उघडण्यासाठी जपला जातो. तो बंद पडला की त्या फाइलींपर्यंत पोहोचण्याची वाटही बंद होते.

सॉफ्टवेअर जुने कशामुळे होते?

यंत्राचे भाग झिजतात, तसे सॉफ्टवेअर झिजत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या सीडीवरील आज्ञावली आजही अक्षरशः तशीच असते. बदलतो तो तिच्या भोवतालचा परिसर. प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम, ड्रायव्हर, साहाय्यक फाइली आणि परवाना तपासणारी व्यवस्था अशा अनेक थरांवर कोणतेही सॉफ्टवेअर उभे असते. यांपैकी एक थर निघाला तरी ते कोसळू शकते.

पहिला थर प्रोसेसरचा. इंटेलने १९७८ मध्ये आणलेला ८०८६ हा प्रोसेसर १६ बिटचा होता. १९८५ मधील ८०३८६ पासून ३२ बिटचे युग सुरू झाले, तर २००३ मध्ये एएमडीने याच घराण्यातील ६४ बिटचे प्रोसेसर बाजारात आणले. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटच्या आज्ञावली चालतात. परंतु १६ बिटच्या आज्ञावली चालवणारा घटक तिच्यात नाही. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालेलीच नाही. त्यामुळे डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातील सॉफ्टवेअरला तेथे थेट प्रवेश नाही. काही वेळा मूळ सॉफ्टवेअर ३२ बिटचे असते, मात्र ते संगणकावर बसवणारी सेटअप फाइल १६ बिटची असते. अशा वेळी चालू शकणारे सॉफ्टवेअरही दारातच अडते.

दुसरा अडथळा ड्रायव्हरचा. स्कॅनर, प्रयोगशाळेतील मोजमापाची उपकरणे किंवा ‘डोंगल’ यांना संगणकाशी जोडणारी आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात काम करते. ६४ बिट विंडोजला ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो आणि जुन्या उपकरणाचा असा ड्रायव्हर उत्पादकाने काढलाच नसेल, तर उपकरण धडधाकट असूनही निरुपयोगी ठरते. भारतीय भाषांतील अनेक सॉफ्टवेअरसोबत प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसवायचे डोंगल दिले जाई. ते लावलेले असल्याखेरीज सॉफ्टवेअर चालत नसे. आजच्या बहुतेक संगणकांना ते पोर्टच नसते.

उत्पादकांची वेगवेगळी धोरणे

जुन्या आज्ञावली कितपत चालू ठेवायच्या, याविषयी उत्पादकांची धोरणे भिन्न राहिली आहेत. आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये ‘सिस्टीम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली मालिकेतील इतर यंत्रांवरही चालावी, हे तत्त्व स्वीकारले. त्या घराण्याच्या आजच्या मेनफ्रेम संगणकांवरही जुन्या काळातील अनेक व्यावहारिक आज्ञावली चालू शकतात. बँका आणि विमा कंपन्यांनी हे संगणक दीर्घकाळ सांभाळण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

मायक्रोसॉफ्टनेही जुन्या सॉफ्टवेअरसाठी बरीच तजवीज केली. विंडोज ९५ च्या वेळचे उदाहरण संगणकक्षेत्रात नेहमी सांगितले जाते. ‘सिमसिटी’ या खेळाच्या आज्ञावलीत एक चूक होती. परत केलेल्या स्मृतीतील माहिती ती पुन्हा वाचत असे. विंडोज ३.१ मध्ये ही चूक निभावून जाई. विंडोज ९५ मध्ये मात्र खेळ बंद पडू लागला. तेव्हा सिमसिटी चालू आहे असे आढळल्यास स्मृती लगेच मोकळी करायची नाही, अशी खास सोय ऑपरेटिंग सिस्टीममध्येच करण्यात आली. चूक खेळाची होती, पण खेळ बंद पडला तर ग्राहक दोष नव्या विंडोजला देईल, हा त्यामागील विचार होता.

अॅपलचे धोरण याहून वेगळे आहे. कंपनीने २००६ मध्ये पॉवरपीसीकडून इंटेलकडे आणि २०२० मध्ये इंटेलकडून स्वतःच्या प्रोसेसरकडे वळताना ‘रोझेटा’ नावाची भाषांतर-व्यवस्था दिली. जुन्या प्रोसेसरसाठीच्या सूचना नव्या प्रोसेसरला कळतील अशा रूपात बदलणे, हे तिचे काम. मात्र पहिली रोझेटा २०११ मध्ये काढून घेण्यात आली आणि २०१९ मधील ‘कॅटालिना’ आवृत्तीपासून ३२ बिटच्या सर्व आज्ञावली मॅकवर बंद झाल्या. अशी सोय म्हणजे स्थलांतरासाठी मिळालेली मुदत होय. कायमचे आश्वासन नव्हे.

चालू ठेवण्याचे चार मार्ग

पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग ‘कंपॅटिबिलिटी मोड’चा. विंडोजमध्ये एखाद्या आज्ञावलीच्या गुणधर्मांत जाऊन ती जुन्या आवृत्तीवर चालत असल्याचा आभास निर्माण करता येतो. अनेक आज्ञावली केवळ आवृत्तीचा क्रमांक तपासून नकार देतात. त्यांना जुना क्रमांक कळवला की त्या सुरळीत चालतात. १६ बिटची आज्ञावली किंवा गहाळ ड्रायव्हर यांवर मात्र या उपायाचा उपयोग होत नाही.

दुसरा मार्ग ‘व्हर्च्युअल मशीन’चा, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक उभारण्याचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज एक्सपीची संपूर्ण प्रत बसवता येते आणि तिच्यात जुने सॉफ्टवेअर आपल्या मूळ परिसरात चालते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्त्यांसोबत २००९ मध्ये ‘एक्सपी मोड’ दिला, तो याच तत्त्वावर. चालू स्थितीतील जुन्या संगणकाची डिस्क जशीच्या तशी आभासी डिस्कमध्ये उतरवणारे ‘डिस्क२व्हीएचडी’ हे साधनही मायक्रोसॉफ्टने उपलब्ध केले आहे. असा संपूर्ण संगणक एका फाइलच्या रूपात जपता येतो, हा या मार्गाचा मोठा लाभ. तथापि यंत्र बदलल्याचे लक्षात येताच जुनी विंडोज पुन्हा परवाना मागू शकते. यूएसबीवरील डोंगल आभासी संगणकाला बहुधा जोडता येते. प्रिंटरच्या पोर्टवरील डोंगलच्या बाबतीत मात्र अडचणी येतात.

तिसरा मार्ग ‘एम्युलेटर’चा. व्हर्च्युअल मशीन प्रत्यक्ष प्रोसेसरचाच वापर करते, तर एम्युलेटर जुन्या प्रोसेसरची आणि त्याच्या भोवतीच्या यंत्रभागांची सॉफ्टवेअरमधून हुबेहूब नक्कल करतो. २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला ‘डॉसबॉक्स’ याचे परिचित उदाहरण आहे. मुळात खेळांसाठी तयार झालेल्या या साधनामुळे डॉसवरील इतर जुन्या आज्ञावलीही आजच्या संगणकावर उघडता येतात. नक्कल करण्यात वेग खर्ची पडतो, परंतु तीस वर्षांपूर्वीच्या आज्ञावलीसाठी आजच्या प्रोसेसरकडे वेगाची कमतरता नसते. अॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘फ्लॅश’चा सपोर्ट संपवल्यानंतर शैक्षणिक सीडी आणि संकेतस्थळांवरील फ्लॅश सादरीकरणे ‘रफल’ या एम्युलेटरमुळे पुन्हा पाहता येऊ लागली.

चौथा मार्ग सर्वांत कष्टाचा आहे. जुनी आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टीमकडे ज्या सेवा मागते, त्या सेवाच नव्याने लिहायच्या. १९९३ मध्ये सुरू झालेला ‘वाइन’ हा प्रकल्प लिनक्सवर विंडोजच्या आज्ञावली चालवण्यासाठी हेच करतो. त्याची १.० ही आवृत्ती येण्यास २००८ साल उजाडले. पंधरा वर्षांचा हा कालावधी कामाची व्याप्ती सांगण्यास पुरेसा आहे. पुढे व्हॉल्व्ह या कंपनीने २०१८ मध्ये वाइनच्या आधारे ‘प्रोटॉन’ तयार केले आणि विंडोजसाठी लिहिलेले असंख्य खेळ लिनक्सवर चालू लागले. आजच्या विंडोजने नाकारलेल्या काही जुन्या आज्ञावली वाइनवर चालतात, हा अनुभवही नवा नाही.

मराठी मजकुराची वेगळी गाठ

या चारही मार्गांनी आज्ञावली चालते. मजकूर मात्र मोकळा होत नाही, आणि मराठीची अडचण नेमकी येथेच आहे.

विंडोजमध्ये देवनागरीची युनिकोड-आधारित सोय ‘विंडोज २०००’पासून आली. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, डीटीपीचे काम ‘पेजमेकर’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव किंवा प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅक) आयएसएम या साधनांनी होत असे. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते, त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये निघाली. म्हणून इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांची चित्रे बसवण्याची युक्ती योजण्यात आली. उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये ‘का’ असे टंकले, तर संगणकाच्या लेखी ती १०० आणि १०७ या क्रमांकांची, म्हणजे ‘डी’ व ‘के’ ही इंग्रजी अक्षरे असतात. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५ आणि काना या चिन्हाचा २३६६ असा स्वतंत्र आहे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर जुनी फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते, ती यामुळेच.

प्रत्येक उत्पादकाने क्रमांकांची मांडणी आपापल्या पद्धतीने केली. त्यामुळे एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही. शिवाय जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात. ‘कि’ या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. ‘धर्म’ या शब्दात रफार ‘म’नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. परिणामी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना केवळ क्रमांक बदलून भागत नाही, तर क्रमही उलटावा लागतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील अर्ध्या ‘र’चे मराठी रूप हिंदीसाठी तयार केलेल्या परिवर्तकातून नीट उतरले की नाही, हे तपासून पाहावे लागते. ‘ॲ’ या अक्षरालाही युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड ५.१ आणि त्यापुढील आवृत्त्या हे अक्षर-संकेतनाचे मानक म्हणून अधिसूचित केले.

याउलट, मानकानुसार साठवलेल्या मजकुराचा प्रवास सोपा ठरला. भारतीय लिपींसाठीचे ‘इस्की’ हे संकेतन भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये मानक म्हणून स्वीकारले. आयआयटी कानपूर येथे उगम पावलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचा तो आधार होता. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावर बेतलेली असल्यामुळे इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सरळ आहे. सॉफ्टवेअर कोणते वापरले, यापेक्षा मजकूर कोणत्या रूपात साठवला, हे दीर्घकाळात अधिक निर्णायक ठरते, याचा हा पुरावाच होय.

फॉन्टही कालबाह्य होतात, हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षीच्या जानेवारीपासून अॅडोबीने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टाइप १’ प्रकारच्या फॉन्टचा सपोर्ट थांबवला. डीटीपीच्या आरंभीच्या काळात हा प्रकार सर्वत्र वापरात होता.

जुन्या संगणकाची सुरक्षा

अनेक ठिकाणी यांपैकी कोणताही मार्ग न स्वीकारता जुना संगणकच चालू ठेवला जातो. तो इंटरनेटला जोडलेला नसेल, तर त्यात फारसे वावगे नाही. जोडलेला असेल, तर धोका मोठा आहे. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यानंतर तीन वर्षांनी, मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर संगणक ठप्प केले, तेव्हा मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती जारी करावी लागली. असा अपवाद प्रत्येक वेळी होईल, असे गृहीत धरता येत नाही. हाच नियम आभासी संगणकालाही लागू आहे. त्यात बसवलेली एक्सपी तितकीच असुरक्षित असते. म्हणून तिची नेटवर्क-जोडणी बंद ठेवणे इष्ट.

कायदा काय सांगतो?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार संगणकीय आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला ती ज्या कामासाठी पुरवली गेली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून तिची प्रत किंवा रूपांतर करता येते. हानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत ठेवण्यासही मुभा आहे. दोन आज्ञावलींचा परस्परमेळ साधण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याचीही, ती अन्यथा सहज उपलब्ध नसल्यास, तरतूद आहे. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणे हा गुन्हा ठरतो. म्हणून डोंगल नादुरुस्त झाल्यास प्रथम उत्पादकाकडे पर्याय मागणे आणि परवान्याची कागदपत्रे जपून ठेवणे, हे सुरक्षित ठरते.

आधी मजकूर, मग आज्ञावली

वरील सर्व मार्गांतून एकच निष्कर्ष निघतो. जुनी आज्ञावली चालू ठेवणे हे वेळ मिळवण्याचे साधन आहे. मिळालेल्या वेळेत मजकूर आणि नोंदी खुल्या, प्रमाणित रूपात बाहेर काढल्या नाहीत, तर प्रश्न पुढच्या यंत्रबदलापर्यंत ढकलला जातो, इतकेच.

त्यासाठी कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. जुना संगणक चालू स्थितीत असतानाच त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रत घ्यावी. सीडी आणि फ्लॉपीवरील फाइली उतरवून घ्याव्यात, कारण त्या वाचणारी उपकरणेही दुर्मीळ होत आहेत. सॉफ्टवेअरच्या मूळ सीडी, परवाना-क्रमांक आणि विशेषतः फॉन्टच्या फाइली सोबत जपाव्यात. फॉन्ट हरवला, तर कोणत्या क्रमांकावर कोणते अक्षर होते, हे शोधणे फार जिकिरीचे होते.

त्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या दस्तऐवजाची दोन रूपे तयार करणे उपयुक्त ठरते. पहिले पीडीएफ. फॉन्ट अंतर्भूत करून काढलेल्या पीडीएफमध्ये पान मूळ रूपात दिसते आणि पुन्हा छापता येते. मात्र जुन्या फॉन्टमधील पीडीएफ डोळ्यांना वाचता आली, तरी संगणकाला वाचता येत नाही. तिच्यात मराठी शब्द शोधता येत नाही आणि मजकूर उचलून दुसरीकडे घेतला, तर पुन्हा निरर्थक अक्षरेच उमटतात. म्हणून दुसरे रूप युनिकोडमधील मजकुराचे हवे.

हा मजकूर बाहेर काढताना साध्या टेक्स्ट फाइलचा मोह टाळावा. जुन्या पद्धतीत मराठी आणि इंग्रजी शब्दांचे क्रमांक एकच असतात. त्यांतील भेद केवळ फॉन्टच्या नावावरून कळतो. साध्या फाइलमध्ये फॉन्टची नोंद राहत नाही आणि परिवर्तक इंग्रजी शब्दांचेही देवनागरीत विडंबन करून टाकतो. फॉन्टची माहिती टिकवणाऱ्या आरटीएफ किंवा वर्डच्या रूपात मजकूर काढला, तर हा गोंधळ टळतो. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे, रफार, अंक आणि विरामचिन्हे मूळ छापील प्रतीशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे. छापील प्रत हाताशी असणे हाच या कामातील सर्वांत भरवशाचा आधार होय.

मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी विंडोज १० च्या विस्तारित सुरक्षा-सुधारणांची पहिली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर केली. अशा मुदती संस्थांना पूर्वतयारीसाठी अवधी देतात. जुन्या हार्ड डिस्कच्या आयुष्याला मात्र अशी जाहीर मुदत नसते.